टेकू कधी काढायचा?



जुन्या वाड्याची भिंत कलली की तिला लाकडी टेकू देतात. पुढे भिंत नीट बांधून होते, टेकू मात्र तसाच राहतो. येणारे-जाणारे त्याला अडखळतात, पण काढू म्हटलं तर घरातलं कुणीतरी म्हणतं, "असू दे, उगाच हात लावू नका." माझं काम संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचं. आमच्याकडेही असे टेकू असतात.

लिनक्सचं नाव आपण ऐकलं असेल. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ साली ही प्रणाली लिहायला घेतली. आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशीही तिचाच गाभा, म्हणजे कर्नल आहे. हा गाभा बहुतांशी 'सी' भाषेत लिहिलेला आहे. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. पण दुभाषीही कधी चुकतो! मग त्याची चूक दुरुस्त होईपर्यंत गाभ्यातच काहीतरी तात्पुरती सोय करून ठेवतात.

२०१३ साली असंच झालं. जीसीसी नावाचा कंपायलर एका विशिष्ट 'उडी'च्या सूचनेचं रूपांतर चुकीचं करत होता. उपाय मोठा गमतीचा. त्या सूचनेपाठोपाठ एक रिकामी सूचना लिहायची. यंत्र तिच्यामुळे काहीच करत नाही, पण दुभाषी भानावर राहतो. पुढे जीसीसी सुधारला. २०२१ साली ५.१ च्या आधीच्या जीसीसीला लिनक्सनं निरोप दिला. टेकूचं काम संपलं आणि २०२२ साली तो काढण्यात आला.

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तशाच सूचनेपाशी, नव्या जीसीसीत, बराचसा तसाच घोटाळा उघडकीला आला! टोरवाल्ड्स यांनी तोच जुना टेकू पुन्हा लावला. थोड्याच दिवसांत जीसीसीतली चूक सापडली, दुरुस्त झाली. मग टेकूही फक्त चूक असलेल्या आवृत्त्यांपुरताच ठेवला गेला.

मग २०२२ ची सफाई चुकली का? मला तसं वाटत नाही. भीतीपोटी सगळेच टेकू ठेवले, तर कोणती भिंत खरोखर कच्ची आहे हेच कळेनासं होतं. शिवाय हा टेकू कधी, कोणत्या चुकीसाठी लावला होता, याची नोंद जपलेली होती. म्हणून तो काढताही आला आणि गरज पडताच परत लावताही आला.

हे मी अनुभवानं शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एका आज्ञावलीतली निरुपयोगी वाटणारी ओळ मी पुसून टाकली. दोन दिवस हिशेब चुकत राहिले. ती लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता, आणि कारण त्यानं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ओळ मी परत घातली. या वेळी शेजारी तारीख लिहिली, कारण लिहिलं, आणि ती केव्हा काढून टाकावी तेही लिहिलं.

टेकू लावण्यात कमीपणा नाही. फक्त त्याला एक चिठ्ठी बांधून ठेवावी.