चेहऱ्यावरचा प्रश्न

आम्ही कवी मंडळींनी चेहऱ्यावर फार लिहिले आहे. चंद्र झाला, कमळ झाले. मुरुमांवर मात्र कुणी चार ओळी खर्च केल्या नाहीत. मराठीने त्यांना 'तारुण्यपिटिका' असे गोड नाव दिले आणि 'वयाबरोबर जातील' म्हणून विषय मिटवला. बहुतेकांच्या जातातही. पण काहींच्या गालांवर, पाठीवर टपोऱ्या, दुखऱ्या गाठी येतात, पिकतात आणि कायमचे खड्डे ठेवून जातात. तो वयाचा खेळ नव्हे, आजार आहे.

माझ्या भाचीला तो झाला होता. माटुंग्याच्या कॉलेजात शिकणारी पोर, लोकलमध्ये ओढणीआड चेहरा लपवून बसायची. घरात उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. हळद झाली, मुलतानी माती झाली. शेजारणीने गोरेपणाचे मलम आणून दिले. अशा कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. ते आधी चेहरा उजळवते आणि मग मुरूम वाढवते. २०१८ मध्ये सरकारने अशा मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली, ती उगीच नाही.

शेवटी बहीण, भाची आणि मी माटुंग्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सुचवल्या. 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले हे औषध १९८२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्वचेतल्या तेलग्रंथी ते आक्रसवते. मात्रा वजनावर ठरते आणि उपचार काही महिने चालतो. ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात, पहिले काही आठवडे मुरूम वाढूही शकतात. यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करावी लागते. मन उदास राहू लागले तर लगेच कळवायचे. कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची, कारण थोडे तूप-तेल पोटात असले की ती नीट अंगी लागते. "मग रमजानात?" भाचीने विचारले. "इफ्तारनंतर जेवशील तेव्हा घे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारले, "दिवस गेलेले नाहीत ना?"

बहीण ताडकन म्हणाली, "डॉक्टर, मुलगी बिनलग्नाची आहे माझी!"

"ताई, हा प्रश्न मी प्रत्येक बाईला विचारते. तो चारित्र्याचा नाही, औषधाचा आहे."

गरोदरपणी हे औषध पोटात गेले तर गर्भाच्या मेंदूत, हृदयात, कानांत गंभीर व्यंग येऊ शकते. म्हणून आधी चाचणी, आणि औषध चालू असेतो व थांबल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची. तेवढा काळ रक्तदानही नाही. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढले तर? एवढे सांगून बाईंनी आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितले आणि भाचीशी एकटीशी बोलल्या.

बाहेर बसल्या बसल्या मला ॲक्वर्थसाहेब आठवले. शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापणारे तेच हे साहेब. मुंबईचे पालिका आयुक्त असताना १८९० मध्ये त्यांनी याच माटुंग्यात बेघर कुष्ठरोग्यांसाठी आसरा उभा केला. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. मुरूम म्हणजे कुष्ठरोग नव्हे, पण कातडीवर काही दिसले की माणसाने तोंड लपवावे, ही आपली रीत जुनी आहे. औषधे आली, रीत तशीच राहिली. आणि लाजेपोटीच मुली दवाखाना टाळून मैत्रिणीच्या चिठ्ठीवर तीच कॅप्सूल घेतात. मग तो प्रश्न त्यांना कोण विचारणार?

भाचीचे औषध आता संपले आहे. जुने खड्डे आहेत, नवी गाठ नाही. तिची गोष्ट सांगितली ती आईबापांसाठी. मुलांच्या चेहऱ्यावर अशा गाठी दिसल्या तर त्यांना वेळेवर त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. आणि मुलीला तो प्रश्न विचारला गेला, तर रागावू नका. निमूट उठून बाहेर बाकावर जाऊन बसा. आत तिच्या भल्याचेच बोलणे चालले असते.