जिन्यातला दिवा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तू नक्की काय काम करतेस?" असं काल चहाच्या वेळी किमान सहा जणांनी विचारलं. "सॉफ्टवेअर" म्हटलं की पुढचा प्रश्न "म्हणजे बँकेचं का?" नाही. मी ड्रायव्हर लिहिते. गाडीचा नाही. तापमान, आर्द्रता, हवेचा दाब मोजणारा सेन्सर नावाचा कण असतो. तो आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसून दोघांना एकमेकांचं ऐकवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. या कामातला एक अगदी बारीक भाग आज सांगते, कारण तिथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली.

सेन्सरला वीज लागते. फार नाही. बॉशचा बीएमई 280 नावाचा सेन्सर घ्या, हा तांदळाच्या दाण्याहून लहान. झोपलेला असताना तो मायक्रोअँपिअरच्या अंशात वीज खातो. त्याला वीज दोन पायांवर लागते, एक मोजणीसाठी आणि एक बोलण्यासाठी. वीज दिल्यावर तो तयार व्हायला दोन मिलिसेकंद घेतो, तोवर थांबायचं. वीज तोडली की आपण दिलेल्या सूचना तो विसरतो. पुन्हा वीज दिल्यावर त्या पुन्हा द्यायच्या. नाही दिल्या तर तो झोपूनच राहतो.

आता खरी गंमत. ही वीज सेन्सरला स्वतंत्र मिळतेच असं नाही. एका रेग्युलेटरवर तीन-चार गोष्टी जोडलेल्या असतात. मग बंद कोणी करायची? माझं काम झालं म्हणून मी बटण दाबलं तर शेजाऱ्याचं काम अर्धवट राहील. लिनक्समध्ये 2008 सालापासून यासाठी एक व्यवस्था आहे. ती हिशेब ठेवते. ज्याला वीज हवी त्याने "चालू" म्हणायचं, एक वाढतो. काम झालं की "बंद" म्हणायचं, एक कमी होतो. हिशेब शून्यावर आला की वीज खरोखर तुटते. चाळीतल्या जिन्याच्या दिव्यासारखं, शेवटचा माणूस वर गेला की दिवा जायचा. फक्त इथे प्रत्येकाने "मी पोचलो" हे सांगावं लागतं.

आमची एक पेटी होती, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत लावलेली. वर छोटं सोलर पॅनेल, आत बॅटरी, लिनक्स चालवणारा छोटा बोर्ड. हवेतली आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजायचं. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस आला की डाऊनी येतो, आणि फवारणी कधी करायची हे ओलाव्यावर ठरतं. बीएमई 280 चा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहेच. आमच्या पेटीसाठी त्यात मी काही बदल केले होते. पुण्यात ऑफिसात टेबलावर पेटी महिनाभर चालली. कसलीही तक्रार नाही.

बागेत तीन दिवस ढग आले आणि तिसऱ्या रात्री पेटी बंद पडली. बागवाल्या दादांचा फोन आला. ते चिडले नव्हते, म्हणूनच जास्त लागलं. म्हणाले, "मॅडम, तुमचं यंत्र ढग आले की झोपतं. मला ते ढग आल्यावरच पाहिजे असतं." त्या रात्रीची फवारणी त्यांनी अंदाजाने केली.

पहिले दोन दिवस मी बॅटरीला दोष दिला. मग पॅनेलला. शेवटी स्वतःचा कोड उघडला. वाचन घेण्याआधी "चालू", वाचन झाल्यावर "बंद", हे बरोबर लिहिलं होतं. पण वाचन फसलं तर मी तिथूनच परत फिरत होते, "बंद" न म्हणता. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने बागेतला कनेक्टर सैल झाला होता, एकदा वाचन फसलं, हिशेबात एक कायमचा शिल्लक राहिला. माझा सेन्सर मुंगीएवढी वीज खातो हो, पण त्याच्यापायी त्याच लाइनवरचे मातीतले प्रोब रात्रंदिवस चालू राहिले. ऊन होतं तोवर पॅनेलने ते झाकून घेतलं. टेबलावर सापडणार कसं? तिथे वाचन कधी फसलंच नाही.

चार ओळींची दुरुस्ती. परत फिरायच्या प्रत्येक वाटेवर "बंद".

एवढ्यावर सुटले असं वाटलं, पण वीज तोडल्यावरही सेन्सरच्या पायावर थोडा व्होल्टेज दिसेना का! डेटाच्या दोन तारांना वर धरून ठेवणारे रेझिस्टर कायम चालू असलेल्या लाइनला जोडले होते. समोरचं दार बंद, पण मागच्या दारातून वीज आत येत होती. असं केल्यास हा सेन्सर कायमचा निकामी होऊ शकतो, हे त्याच्या माहितीपत्रकात इशारा म्हणून छापलेलं आहे. मी ते पान आधी वाचलं होतं. वाचून पुढे गेले होते. मग बोर्ड बनवणाऱ्या सहकाऱ्याला विनंती केली आणि त्याने ते रेझिस्टर सेन्सरच्याच लाइनवर हलवले.

2022 मध्ये लिनक्समध्ये एक सोय आली: एकाच हाकेत वीज मागा, चालू करा, आणि ड्रायव्हर निघाला की आपोआप बंद. नवीन मुलं तेच वापरतात आणि बहुतेक वेळा ते योग्यच आहे. पण ती सोय ड्रायव्हर असेपर्यंत वीज चालूच ठेवते. भिंतीच्या प्लगवरच्या यंत्राला चालेल, ढगाखालच्या पेटीला नाही. तिथे दर वाचनाला हिशेब हातानेच ठेवावा लागतो, किंवा काही वेळ काम नसेल तर आपोआप झोपवणारी व्यवस्था लावावी लागते.

दुरुस्ती घेऊन मी स्वतः बागेत गेले. दादांसमोर कनेक्टर मुद्दाम ओढून काढला, वाचन फसू दिलं, मीटर लावून लाइन शून्यावर येते का ते बघितलं. आली. त्यांनी विचारलं, "हे आधी का नाही ओढलं?" मला उत्तर सुचलं नाही. आता ऑफिसात प्रत्येक नवी पेटी टेबलावर आली की आम्ही पहिल्या दिवशी तारा ओढतो.

त्या हंगामानंतर पेटी त्याच बांधावर आहे. कनेक्टर मात्र स्क्रूचा लावला.