तहानलेल्या ज्वारीचा हिशेब

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी उभी राहते ती सरत्या पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते. पुढे आभाळाकडून फारशी आशा नसते. तरीही मालदांडी ही ज्वारीची जात कणीस धरते. कशी?

मुळांना कोरड जाणवली की अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक पानांना सावध करते आणि पानांवरची सूक्ष्म पर्णरंध्रे मिटू लागतात. पाणी वाचते, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही कमी मिळतो. गहू-हरभऱ्याची इथेच उपासमार सुरू होते. ज्वारी, मका, ऊस यांच्या पानांत मात्र हा वायू साठवून साखर बनवणाऱ्या पेशींकडे पोहोचवण्याची खास सोय असते, म्हणून रंध्रे अर्धवट मिटली तरी काम रेटता येते. शिवाय दुपारी पाने सुरळी करतात, म्हणजे ऊन कमी अंगावर येते. सकाळी ती पुन्हा उलगडली तर घाबरायचे कारण नाही. सकाळीही सुरळी तशीच दिसली, तर ताण खोल गेला असे समजावे.

फुलोऱ्यानंतर ओल संपली तर ज्वारी आणखी एक डाव खेळते: ताटातली साठवलेली साखर ती दाण्यांकडे वळवते. दाणे भरतात, पण ताट पोकळ, दुबळे होते. मातीतली खडखड्या रोगाची बुरशी अशाच ताटांवर तुटून पडते आणि भरलेले पीक आडवे होते. दोष बुरशीला दिला जातो. सुरुवात तहानेने केलेली असते.

म्हणून ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ हे शेतकऱ्याचे गणित शास्त्रालाही पटते. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. शेवटच्या वेळी दातेरी कोळपे चालवले की भेगा बुजतात आणि त्यांतून उडून जाणारी ओल रानातच राहते. एकच पाणी देता येत असेल, तर पीक पोटरीत असताना दिलेले कणसाच्या वाढीला उपयोगी पडते.

आता गोठ्याकडे. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य असते. किडीविरुद्धचे ते झाडाचे हत्यार. ताणात वाढ खुंटलेल्या रोपांत, आणि पावसानंतर बुडख्यातून येणाऱ्या नव्या फुटव्यांत, ते धोकादायक प्रमाणात साठते. जनावराने ते चघळले की पोटात सायनाइड मोकळे होते. यालाच किराळ लागणे म्हणतात. अशा रानात गुरे सोडू नयेत. हिरवा चारा फुलोऱ्यानंतरच कापावा. युरियाचा हात सैल असेल, तर हा धोका वाढतो.

खाल्ल्यावर थोड्याच वेळात धाप, तोंडाला फेस, झोकांड्या दिसल्या, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधे शिरेतून पशुवैद्यकांनीच द्यायची असतात. त्यांना ताबडतोब बोलवावे आणि तो चारा बाकीच्या जनावरांपुढून आधी उचलावा.