सदोष वीराची भूमिका



महाकाव्यांतील सदोष वीरांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. एकट्या 1967 साली शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ मराठी वाचकाच्या हाती आले, आणि एकाच कर्णाकडे उत्कट सहानुभूतीने व कठोर चिकित्सेने पाहण्याच्या दोन्ही वाटा त्याला मोकळ्या झाल्या. परंतु वाचक कितीही सहृदय असला, तरी तो निवाडा देणाऱ्याच्या आसनावर बसलेला असतो. त्या वीराच्या जागी उभे राहून आता काय करावे, हे ठरविण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. तो प्रसंग ज्यात सतत येतो, अशा एका खेळाविषयी मला आज बोलावयाचे आहे.

चार-सहा माणसे मेजाभोवती बसतात. एकजण गेममास्टर होऊन कथेचे सूत्र हाती घेतो, बाकीचे एकेका पात्राची मुखत्यारी पत्करून त्याच्या वतीने बोलतात, निर्णय घेतात, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून निघाला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. त्यात पात्राने सुव्यवस्था, तटस्थता किंवा अनागोंदी यांपैकी एका पक्षात आपले नाव नोंदवावयाचे असे. 1978 च्या नियमपुस्तकात या पक्षांचे नऊ प्रकार झाले. सोय म्हणून ही व्यवस्था ठीक होती, परंतु जमाबंदीत जमिनीची प्रत लावावी तशी मनुष्याच्या शीलाची प्रत एकदाच लावून दप्तर बंद करता येत नाही.

हे ज्याने खोलवर ओळखले तो ग्रेग स्टॅफर्ड. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ‘पेंड्रॅगन’ हा राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांच्या कथाचक्रावरचा खेळ असून, त्याचा मुख्य आधार कॅक्स्टनने 1485 मध्ये छापलेला टॉमस मॅलरीचा ग्रंथ आहे. या खेळात प्रत्येक सरदाराच्या स्वभावाच्या 13 जोड्या कागदावर मांडलेल्या असतात: दयाळू आणि क्रूर, सत्यवादी आणि कपटी, क्षमाशील आणि सूडबुद्धीचा, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज 20 असते. एक बाजू वाढली की दुसरी तेवढीच घटते. समजा, एखाद्या सरदाराची क्रूरता 16 आणि दया 4 आहे, आणि पराभूत शत्रू तलवार टाकून जीवदान मागत आहे. खेळाडूची इच्छा त्याला सोडण्याची असली, तरी गेममास्टर वीस बाजूंचा फासा टाकावयास सांगू शकतो. आधी दयेची परीक्षा होते. तीत दान चारांच्या वर पडले, तर क्रूरतेची. आणि तेथे सोळा किंवा त्याहून कमी पडले, की हात उगारला गेलाच म्हणून समजावे. मग ते कृत्य आपल्या तोंडाने सांगण्याची पाळी त्याच खेळाडूवर येते. आपल्यालाच नको असलेली गोष्ट आपल्या स्वभावाने आपल्याकडून करविली, ही अवस्था बाहेरून वाचून कळते त्याहून किती निराळी आहे, हे तेथे बसल्यावाचून कळत नाही.

याहून मार्मिक नियम हिवाळ्याचा आहे. या खेळात बहुधा एका मोहिमेला एक वर्ष जाते. वर्षअखेर सरदार आपल्या जहागिरीत परततो, आणि ज्या गुणाचा किंवा दोषाचा ठळक प्रत्यय त्याने दिला असेल, त्याची नोंद तपासून पुन्हा फासा टाकला जातो. दान असलेल्या आकड्याहून वर पडले, तर तो आकडा एकाने वाढतो. म्हणजे एकदाची क्रूरता तिथल्या तिथे संपत नाही. ती पुढच्या वर्षीच्या क्रूरतेची वाट सोपी करून ठेवते. शीलाची घडण कृतीने होते, हा सिद्धांत इतक्या साध्या हिशेबात बसविलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

मॅलरीच्या ग्रंथातील आर्थरचा सरदार गॉवेन याच साच्यातला आहे. पहिल्याच मोहिमेत तो शरण आलेल्याला दया नाकारतो; त्या सरदाराची प्रिया मध्ये झेपावते आणि गॉवेनच्या घावाने तिचाच शिरच्छेद होतो. तिचे मस्तक गळ्यात अडकवून तो दरबारी परततो, आणि आर्थरच्या राणीच्या आज्ञेने बसलेल्या स्त्रियांच्या न्यायसभेचा निवाडा त्याला आमरण बांधतो, की स्त्रियांचा कैवार घ्यावा आणि दया मागणाऱ्याला ती कधी नाकारू नये. तोच गॉवेन पुढे, राणीला चितेवरून सोडविताना लान्सलॉट या दुसऱ्या सरदाराच्या हातून आपले निःशस्त्र भाऊ मारले गेले म्हणून, असा सूड धरून बसतो की त्यात आर्थरचे राज्य बुडते. आणि मरणाच्या दिवशी त्याच लान्सलॉटला साहाय्यासाठी पत्र लिहितो. या मनुष्याला कोणत्या पक्षात नोंदवावे? त्याची भूमिका करणाऱ्याने तो दुष्ट की सज्जन हे आधी ठरविले, तर ते पत्र त्याला कधीच लिहिता येणार नाही.

अशा भूमिकांनी मन बिघडते, ही शंका मी क्षुल्लक मानीत नाही. मेजावरच्या सोबत्याला विनाकारण दुखवून ‘माझे पात्रच तसे आहे’ अशी सबब सांगणारा खेळाडू पात्राच्या आड स्वतःची हौस भागवीत असतो. पात्राची निवड त्याची, म्हणून जबाबदारीही त्याचीच. यासाठी जाणकार मंडळी प्रारंभीच करार करतात की काय चालेल आणि काय नाही. कित्येक ठिकाणी मेजाच्या मध्यभागी ‘एक्स-कार्ड’ ठेवतात, आणि कोणी त्याला बोट लावले, तर कारण न विचारता तो प्रसंग वगळला जातो. ही मर्यादा पाळल्याने खेळ बेचव होत नाही. उलट, सोबती निर्धास्त असले, तरच सदोष पात्राच्या अंतरंगात फार आत उतरता येते.

म्हणून माझी तरुण खेळाडूंना विनंती आहे. सदोष पात्र अवश्य निवडा, परंतु त्याने अपराध केला की कंटाळून त्याचा कागद फाडू नका. त्याला हिवाळ्यापर्यंत न्या, वाढलेला आकडा स्वतःच्या हाताने लिहा, आणि पुढच्या वर्षी शरण आलेला मनुष्य समोर उभा राहील, तेव्हा त्याच पात्राच्या तोंडून पुन्हा बोला.