भूक देहाची, माज सत्तेचा



कवी म्हणून मला इथं उभं केलंत. पण मी गोदीतला कामगार, दहावी पास. पुस्तकी बोलता येत नाही. जे अंगावर आलं तेच बोलतो.

दहा बाय बाराची खोली. त्यात आम्ही सात जण. भावाचं लग्न झालं तसा मी रात्री गल्लीत झोपतो. स्वतःची खोली नाही म्हणून मला पोरगी कोण देत नाही. देह पेटतो. खोटं कशाला बोलू?

एका रात्री मुकादमानं मजुरी कापली. चारचौघांत आईवरून शिवी दिली. मी गप्प बसलो. परत येताना पुढं एक बाई चालली होती. मी मुद्दाम पाय आपटत तिच्या मागं चालत राहिलो. ती घाबरली, पळत सुटली. आणि मला बरं वाटलं. साला, बरं वाटलं!

झोप आली नाही. मग कळलं, मला ती बाई नको होती. मुकादमापुढं मी वाकलो होतो, म्हणून कुणीतरी माझ्यापुढं वाकायला हवं होतं.

शहाणे लोक म्हणतात, झोपडपट्टीतल्या पोरांची वासना तुंबते, म्हणून बलात्कार होतात. मग 1972 साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत आदिवासी पोरीवर बलात्कार झाला, तो काय झोपडपट्टीतल्या पोरांनी केला? आरोपी दोन पोलीस होते. सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठं 1983 साली कायदा बदलला. सरकारी नोंद बघा. 2012 साली देशात बलात्काराचे 24,923 गुन्हे दाखल झाले. त्यातल्या 24,470 गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा होता. अंधारातला उपाशी लांडगा नव्हे, घरातला, शेजारचा, भरवशाचा माणूस.

उपास खरा आहे. पण उपाशी माणूस भाकरी मागतो, भाकरीचा गळा दाबत नाही. गळा दाबतो तो माज.

हा उपास लादला कुणी? बाबासाहेबांनी 1916 सालीच कोलंबिया विद्यापीठात मांडलं की जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा कणा. म्हणजे जात आपल्या बिछान्यावरच पहारा देते. 2014 साली खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित पोराला मारून झाडाला टांगलं. का, तर वरच्या जातीच्या पोरीशी बोलला म्हणून. 2017 साली कोर्टात आरोपी सुटले. आपण नुसतं प्रेम केलं तरी मरण, आणि त्यांनी जबरदस्ती केली तरी सुटका!

म्हणून खोली मागा, मजुरी मागा, जातीबाहेर प्रेम करायचा हक्क मागा. भांडून मागा. पण मुकादमाचा राग बाईवर काढाल, तर तुम्ही बंडखोर नाही, मुकादमाचेच हस्तक आहात.

त्या बाईची माफी मागायला ती मला पुन्हा भेटणार नाही. म्हणून तुमच्यापुढं बोललो. आता रात्री पुढं बाई दिसली, तर मी रस्ता ओलांडतो.

तुम्हीही ओलांडा.

जय भीम.