साचेखात्यातलं बोलणं

कामगाराला बोलायला कायद्यानं दिलेली एक जागा असते आणि त्यानं आपली आपण शोधलेली दुसरी. मुंबईच्या कापडगिरण्यांत दोन्ही होत्या.

साचेखात्यात खडखडाट इतका, की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नसे. माणसं ओठ पाहून बोलणं ओळखत, हातानं खुणा करत. माझे अब्बा साचेवाले. घरीसुद्धा चहा हवा असला की नुसता हात हलवायचे; अम्मी म्हणायची, इथं साचे नाहीत, बोला! सूत वाईट येतंय, धागा फार तुटतोय, असली तक्रार जॉबरच्या कानावर जायची ती खानावळीत नाहीतर खोलीवर. जॉबर मालकाचा माणूस, पण गाववालाही. त्याची मर्जी असली तर काम व्हायचं. नसली तर बदलीवाला दारावरूनच परत. या तोंडी व्यवहाराचं पुष्कळांना कौतुक असतं. मला नाही. त्यात ओळख लागते, आणि ओळख सगळ्यांची नसते.

आता कायद्याची जागा. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका भागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मानली. गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालकांनी बोलायचं ते तिच्याशीच. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांमागे संपावर गेले. पगारवाढ हवी होती, बदलीवाल्यांना कायम करायला हवं होतं. आणि हा कायदाही जायला हवा होता. ही शेवटची मागणी आज फारशी कुणाला आठवत नाही. मी तेव्हा शाळेत होतो. अब्बा म्हणत, ‘आमच्या खुर्चीवर दुसराच बसलाय.’ संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अब्बा कोकणात परतले.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एकाहून अधिक संघटना असतील, तर मस्टरवरचे 51 टक्के कामगार जिच्या पाठीशी, ती वाटाघाट करणार. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल, तर संघटनांची परिषद. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती हवी, आणि तिच्यात स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात तरी जागा हवी. चांगलं आहे. अब्बांना मात्र मस्टर हा शब्द खटकला असता. कंत्राटावरच्या माणसाचं नाव असतं कंत्राटदाराच्या मस्टरवर. तो राबतो एकाच्या आवारात, आणि मोजला जातो दुसऱ्याच्या वहीत.