आंखणीची परीक्षा

चाळिशीला टेकलेला गृहस्थ रात्रीं जेवणानंतर पुस्तक उघडून बसला, म्हणजे घरचीं माणसें त्याच्याकडे कोणत्या नजरेनें पाहतात, याचा अनुभव आपल्यापैकीं कांहींना असेलच. माझी मुलगी त्या वर्षीं आठवींत होती. टेबलाच्या एका बाजूला तिचें बीजगणित आणि दुसऱ्या बाजूला माझें पुस्तक, असा देखावा पाहून आमच्या मातोश्री विचारीत, "अरे, परीक्षा नक्की हिची आहे कीं तुझी?" परीक्षा दोघांचीही होती. फरक एवढाच कीं, मी नापास झालों तर ३०० अमेरिकन डॉलर पुन्हां मोजावयाचे होते. त्या वेळच्या भावानें ही रक्कम २१ हजार रुपयांच्या वर जाई, आणि कर निराळा.

मी पनवेलचा राहणारा. मुंबईस फोर्टांतील एका पेढींत संगणकांच्या जाळ्याची, म्हणजे ज्याला आपण सारे नेटवर्क म्हणतों त्याची, देखभाल करणें हा माझा व्यवसाय. यंत्रें जोडणें, बिघडलेलीं सुधारणें, मध्यरात्रीं फोन आला कीं उठून बसणें, यांत बारा वर्षें गेलीं. जोडण्याच्या परीक्षा मीं पूर्वींच दिल्या होत्या. आज जिच्याविषयीं बोलणार आहें ती परीक्षा जोडण्याची नव्हे, आंखण्याची. सिस्को या अमेरिकन कंपनीनें या विद्येच्या पायऱ्या ठरविल्या होत्या. त्यांत आंखणीची पहिली पायरी 'सीसीडीए' आणि तिच्या वरची 'सीसीडीपी'. या वरच्या पायरीचा जो पेपर मला द्यावयाचा होता त्याचें नांव 'आर्च', क्रमांक ३००-३२०, वेळ ७५ मिनिटें.

या वाटेला मी हौसेनें गेलों नाहीं. २०१८ च्या पावसाळ्यांत आमच्या पेढीची एक शाखा दिवसभर जगापासून तुटली. तेथें आम्हीं दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या होत्या. एक बंद पडली तर दुसरी चालावी, हा हेतु. परंतु रस्ता खणणाऱ्या यंत्राच्या एका घावासरशीं दोन्ही तुटल्या, कारण दोघांच्याही केबली एकाच चरांतून गेल्या होत्या. कागदावर दोन रेघा होत्या, जमिनींत एकच. दिवस महिनाअखेरचा होता. शाखेंतील लोकांचे पगार एक दिवस उशिरां झाले. मला कोणी शब्दानें बोललें नाहीं. पण ती आंखणी माझ्या हातची होती.

पनवेलच्या माणसाला तरी हें आधींच सुचावयास हवें होतें. आमच्या गांवाहून पुण्याला जावयास त्या काळीं जुना रस्ता होता, द्रुतगति मार्ग होता, आगगाडी होती. तीन वाटा मोजून आम्ही निश्चिंत असूं. पण तिन्ही अखेर बोरघाटच चढत. आणि घाटांत दरडी कोसळूं लागल्या म्हणजे तीन वाटांच्या किती उरतात, हें पावसाळ्यांत अडकलेल्या कोणालाही विचारावें.

अभ्यासाला आरंभ केला तेव्हां माझी समजूत अशी कीं, अधिक पाठ केलें कीं अधिक गुण. एका सहकाऱ्यानें चोरून जमविलेल्या प्रश्नांचा गठ्ठा, ज्याला आमच्यांत 'डम्प' म्हणतात, तोही आणून दिला. दोन रात्री वाचून मीं तो परत केला. सद्गुणामुळें केला असें सांगितलें असतें, पण खरें कारण असें कीं त्यांतलीं निम्मीं उत्तरें चुकीचीं होतीं.

आंखणीचा प्रश्न कसा असतो? परीक्षार्थ्याला गुप्ततेचें वचन द्यावें लागतें, म्हणून खरा प्रश्न सांगत नाहीं. त्या धर्तीचा एक मीच रचतों. एका पतपेढीच्या मुख्य कचेरीखालीं ४० शाखा आहेत. पैसा थोडा आहे. शाखेला काम पडतें तें फक्त मुख्य कचेरीशीं. शाखेंत जाणकार माणूस नाहीं. कोणती रचना सुचवाल? यंत्रांशीं बारा वर्षें खेळलेला माझ्यासारखा माणूस चटकन् सर्वांत भक्कम दिसणारी रचना निवडतो: प्रत्येक शाखा दुसऱ्या प्रत्येक शाखेशीं जोडून टाका. पण ४० शाखा अशा जोडावयाच्या म्हणजे ७८० जोडण्या! मुख्य कचेरीपासून प्रत्येकीला एक, अशा ४० पुरतात. दुहेरी केल्या तरी ८०. काय हवें आहे तें प्रश्नांतच लिहिलेलें असतें. पण मी तें वाचीत नसें, कारण उत्तर मला आधींच 'येत' असे. बारा वर्षांचा अनुभव परीक्षेंत असा आडवा येतो.

सर्वांत कठीण गेलें तें पत्त्यांचें प्रकरण. जाळ्यांतील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. हे क्रमांक जसे सुचतील तसे वांटले, तर वाट दाखविणाऱ्या राउटराला साऱ्या गांवाची यादी तोंडपाठ ठेवावी लागते. तेच २५६ पत्त्यांचे चार लगतचे गट योग्य सीमेपासून मोजून एका शाखेला दिले, तर त्या १०२४ पत्त्यांसाठीं दूरच्या राउटराला एकच ओळ पुरते. इंग्रजी पुस्तकांतून हें मला तीनदां वाचूनही नीट उमगलें नाहीं. उमगलें तें घरीं आलेल्या एका पाकिटावरून.

आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. त्याची योजना केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं. हे टपाल-तार खात्यांतले मोठे अधिकारी आणि संस्कृतांत काव्यनाटकें लिहिणारे कवि! पनवेलचा पिन ४१०२०६. कलकत्त्याला पत्र छाटणाऱ्याला पनवेल कोठें आहे हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तो पहिला ४ पाहतो आणि पत्र पश्चिमेकडच्या थैलींत टाकतो. पुढचा मनुष्य पुढचे आंकडे पाहतो. शेवटचे तीन आंकडे पाहण्याची पाळी येते ती पत्र आमच्या टापूंत पोंचल्यावर. प्रत्येकानें आपल्यापुरतेंच जाणावें, आणि तरीही पत्र चुकूं नये. सिस्कोच्या पुस्तकांतलें पत्त्यांचें प्रकरण हें एवढेंच आहे.

गांवांतही दोन्ही तऱ्हा पाहावयास मिळतात. नवीन पनवेल सिडकोनें आंखलेलें. तेथें सेक्टर सांगितला, भूखंड सांगितला, कीं परका माणूसही दारापर्यंत जातो. जुन्या पनवेलींत पत्ता म्हणजे अमक्यांच्या वाड्यामागें, तमक्या तळ्याच्या कांठीं. जुन्या गांवावर माझा जीव अधिक आहे; पण त्याचा नकाशा पोस्टमनच्या डोक्यांत असतो, आणि पोस्टमन रजेवर गेला कीं गांव हरवतें. आमच्या पेढीचें जाळें तसेंच वाढलेलें होतें, आणि तो पोस्टमन मी होतों. मला रजा कां मिळत नसे, हें त्या रात्रीं कळलें.

अभ्यासाला वेळ कोठून काढला असें विचाराल, तर तो गाडीनें दिला. हार्बरची गाडी पनवेलहून सुटते, त्यामुळें सकाळीं बसावयास जागा मिळते. मुंबईच्या टोकापर्यंत सुमारें ८० मिनिटें, आणि पेपर ७५ मिनिटांचा! गाडी हलली कीं मी घड्याळ लावीं, आणि सँडहर्स्ट रोडच्या आसपास शेवटचा प्रश्न संपवीं. संध्याकाळच्या गाडींत मात्र पुस्तक उघडण्याइतके कोपरे हलविणें शक्य नसे. तो वेळ चुकलेल्या प्रश्नांवर नुसता विचार करण्यांत जाई. खरा अभ्यास झाला असेल तर तो उभ्यानें झाला, असें आतां वाटतें.

२०१९ च्या जूनमध्यें सिस्कोनें जाहीर केलें कीं, २४ फेब्रुवारी २०२० पासून परीक्षांची सारी व्यवस्था बदलणार. 'सीसीडीए' आणि 'सीसीडीपी' हीं नांवेंच जाणार. माझी पहिली पायरी झाली होती, 'आर्च' राहिला होता. घाई झाली. नोव्हेंबरांत पेपराचा दिवस ठरविला. त्याच्या आदल्या संध्याकाळीं मुलीच्या शाळेचें स्नेहसंमेलन होतें आणि तिचें नाटकांत काम होतें. मी गेलों नाहीं. घरीं उजळणी करीत बसलों. दुसऱ्या दिवशीं नापास झालों. निकाल त्या वेळीं तेथल्या तेथें पडद्यावर दिसे, हें या परीक्षांचें एक क्रौर्य होतें. घरीं आल्यावर पत्नीनें पैशांचें नांव काढलें नाहीं. मुलगी दोन दिवस बोलली नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रश्न नीट वाचत नसाल." शाळेंत तिच्यावर मी नेमका हाच आरोप करीत आलों होतों.

पुढचे तीन महिने मीं उत्तरें पाठ करण्याचें सोडलें. प्रत्येक प्रश्नाखालीं एका ओळींत लिहावयाचें, कीं याला काय नको आहे. रविवारीं तें वाचून दाखवावयाचें काम मुलीकडे आलें. तिला अर्थ कळत नसे, पण मी उत्तराकडे धावूं लागलों कीं ती हात वर करी. २० फेब्रुवारीला मी उत्तीर्ण झालों. चार दिवसांनीं त्या परीक्षेचें नांव इतिहासजमा झालें आणि माझें प्रमाणपत्र नव्या व्यवस्थेंत निराळ्या नांवाखालीं गेलें. त्या व्यवस्थेंत १२० मिनिटांचा एक मूळ पेपर आणि आंखणीसाठीं ३००-४२० क्रमांकाचा ९० मिनिटांचा दुसरा, असा क्रम ठरला. याहून वरची 'सीसीडीई' म्हणून आठ तासांची परीक्षा आहे. तिच्यांत नकाशे आणि ग्राहकाचीं पत्रें वाचून निर्णय द्यावयाचे असतात. तिच्या वाटेला मी गेलों नाहीं. घरीं विचारण्याचें धैर्य झालें नाहीं.

पगार वाढला का, असें पुष्कळ जण विचारतात. थोडा वाढला. पण पुढच्या वर्षीं आमची एक नवी शाखा निघाली, तेव्हां लाइनी विकणाऱ्या गृहस्थानें माझ्यापुढें सुंदर नकाशा पसरला. निळी रेघ एकीकडून, तांबडी दुसरीकडून. मीं विचारलें, "या जमिनींत कोठून जातात?" तो म्हणाला, "साहेब, विचारून सांगतों." चार दिवसांनीं त्याचा फोन आला. दोन्ही एकाच पुलावरून जात होत्या. दुसरी लाइन आम्हीं मग निराळ्या बाजूनें घेतली. तिला सहा आठवडे अधिक लागले, आणि त्या सहा आठवड्यांच्या भाड्याचा हिशेब आमचे वरिष्ठ मला अजून विचारतात.